सनदेनंतरचे शिक्षण

दिल्ली शहर आणि ‘वकील’ हा शब्द यांची मराठी इतिहासात जुनी सांगड आहे. अठराव्या शतकात पुण्याच्या पेशव्यांचा जो माणूस दिल्लीच्या बादशाही दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडीत असे, त्याला वकील म्हणत. महादेवभट हिंगणे यांनी आणि त्यांच्यामागे त्यांच्या मुलांनी हे काम केले. त्या घराण्याचे दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केले आहे. दरबारात आज कोणाचे चालते, उद्या कोणाचे चालेल, कोणता अमीर कोणाला मिळाला, कोणाच्या फौजा कोठवर आल्या, याचा अखंड शोध म्हणजे त्या काळची वकिली. कालच्या माहितीवर आजची वकिली करणे त्या वकिलास परवडण्यासारखे नव्हते.

न्यायासनापुढे उभा राहणारा वकील हा त्या मानाने अलीकडचा. त्याचा धंदा वेगळा, त्याचा दरबार वेगळा; परंतु ही एक अट मात्र त्यालाही जशीच्या तशी लागू आहे. त्याच्या हाती सनद एकदाच पडते. ज्या कायद्याच्या आधारावर ती मिळाली, तो कायदा मात्र तेथेच थांबून राहत नाही. सनद मिळाल्यानंतर वकील शिकतो कोठे, त्याला शिकवितो कोण, आणि तो शिकला नाही तर त्याचे मोल कोण देतो, या प्रश्नांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास मला आज, श्रोतेहो, आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे. अलीकडे वकिलांसाठी संगणकाच्या पडद्यावरून जे अभ्यासवर्ग चालतात, त्यांना आपण एक नवीनच गोष्ट समजतो. साधन नवीन आहे यात संशय नाही. गरज मात्र पुष्कळ जुनी आहे.

मी राहतो ते मयूर विहार यमुनेच्या पूर्वतीरावर, जुन्या पटपडगंजच्या शेजारी वसलेले आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी या पटपडगंजच्या परिसरात लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली कंपनी सरकारच्या हाती गेली. पुढे पंधरा वर्षांनी, १८१८ साली, पुण्याच्या पेशवाईचीही तीच गत झाली. राज्य बदलले म्हणजे किल्ल्यावरचे निशाण एका दिवसात बदलते. कायदा बदलण्यास वर्षे लागतात, आणि बदललेला कायदा लोकांच्या अंगवळणी पडण्यास एक सबंध पिढी लागते.

पेशवाईत आजच्या अर्थाचा धंदेवाईक वकील नव्हता. वादी आणि प्रतिवादी आपापले म्हणणे पंचांपुढे वा न्यायाधीशापुढे स्वतः मांडीत, साक्षीपुरावे होत, धर्मशास्त्राचा प्रश्न उपस्थित झाल्यास शास्त्रीमंडळींचे मत घेण्यात येई. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव ज्या न्यायपद्धतीशी जोडले गेले आहे ती ही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यानंतर प्रथम ही पद्धती शक्यतो मोडू नये असे धोरण ठेवले. तथापि, तो मुंबईचा गव्हर्नर असताना तयार झालेली आणि १८२७ साली अमलात आलेली संहिता हे निराळ्याच युगाचे लक्षण होते. त्याच वर्षी आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दक्षिणेतील हिंदू जातींच्या कायद्याचा व रूढींचा संग्रह प्रसिद्ध केला. शास्त्र्यांना आणि जातीजातींच्या प्रमुखांना प्रश्न विचारून, त्यांची उत्तरे टिपून घेऊन तो सिद्ध झाला होता. परक्या राज्यकर्त्याला आपल्या प्रजेचा कायदा शिकावयाचा होता आणि प्रजेतल्या वकिलांना राज्यकर्त्याचा कायदा शिकावयाचा होता. दोघेही एका अर्थी विद्यार्थीच होते.

कंपनीच्या अदालतीत सनद घेऊन काम करणारा वकील बंगालमध्ये १७९३ च्या कायद्याने अस्तित्वात आला होता. १८४६ च्या कायद्याने हा धंदा कोणत्याही धर्माच्या व कोणत्याही देशाच्या योग्य माणसास मोकळा झाला. परंतु ‘योग्य’ कोण हे ठरवावयाचे कसे? त्या काळी कायद्याची पदवी नव्हती, महाविद्यालय नव्हते. मुंबईत कायद्याच्या शिक्षणाचा पाया घातला गेला तो मुख्य न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्या प्रेरणेने. त्यांच्या नावाच्या अध्यासनातून १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग सुरू झाले आणि त्यातूनच पुढे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय उभे राहिले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली.

आता या विद्यापीठाच्या स्थापनेनंतरची पंधरा वर्षे पाहा. १८५९ मध्ये दिवाणी व्यवहार संहिता आली, मुदतीचा कायदा आला. १८६० चा दंडसंहितेचा कायदा १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. १८६१ मध्ये फौजदारी व्यवहार संहिता झाली. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले. १८७२ मध्ये पुराव्याचा कायदा आणि कराराचा कायदा असे दोन्ही एकाच वर्षी आले. एखाद्या वकिलाने १८५० साली ठाण्यास किंवा अहमदनगरास सनद घेतली असेल, तर तो पन्नाशीला पोहोचेपर्यंत त्याने तरुणपणी शिकलेल्या कायद्यातले फारच थोडे शिल्लक राहिले होते. त्याच्यापुढे दोनच मार्ग होते: पुन्हा पाटी हाती घेणे, नाहीतर धंदा गुंडाळणे. तिसराही एक मार्ग होता आणि तो पुष्कळांनी पत्करला असावा. तो म्हणजे जुन्या माहितीवर काम रेटीत राहणे. त्या मार्गाची किंमत मात्र वकिलाने दिली नाही, ती त्याच्या अशिलाने दिली.

याच काळात आणखी एक घटना घडली. तिची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळते. कंपनीच्या न्यायालयांना हिंदू धर्मशास्त्राचा अर्थ सांगण्यासाठी शास्त्री जोडून दिलेले असत. १८६४ च्या कायद्याने ही पदे रद्द झाली. न्यायालय यापुढे हिंदू कायदा ‘जाणते’ असे गृहीत धरावयाचे होते. परंतु गृहीत धरल्याने ज्ञान थोडेच येते? वारसाचा, दत्तकाचा, वाटणीचा दावा चालविणाऱ्या वकिलाला जे पूर्वी शास्त्रीबुवांना विचारता येत असे, ते आता ग्रंथातून स्वतः काढावयाचे होते, आणि ग्रंथ संस्कृतात होते.

ही उणीव ज्या प्रयत्नांनी भरून निघाली, ते मला वकिलांच्या निरंतर शिक्षणाचा आपल्याकडील पहिला अध्याय वाटतात. रेमंड वेस्ट आणि जॉर्ज ब्यूलर या दोघांनी मुंबई इलाख्यातील न्यायालयांच्या शास्त्र्यांनी वेळोवेळी दिलेली उत्तरे जमा करून हिंदू कायद्याचा संग्रह १८६७ आणि १८६९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. शास्त्री गेले, पण त्यांची उत्तरे वकिलाच्या टेबलावर आली. त्याहून मोठे काम विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडचा हा माणूस उच्च न्यायालयात वकिली करी, ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र चालवी, सार्वजनिक कामे पाही. आणि या सर्व व्यापातून त्याने ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृती’ यांचे इंग्रजी भाषांतर टीपांसह १८८० साली प्रसिद्ध केले.

‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांचा ग्रंथ. भट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीस जाऊन स्थायिक झालेले. मुंबई इलाख्यातील हिंदूंच्या वारसाहक्कांचे असंख्य निवाडे या ग्रंथाच्या आधाराने झाले. १८२७ साली बोराडेल या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे एक भाषांतर केले होते. मंडलिकांनी मूळ संस्कृत संहिता आणि स्वतःचे भाषांतर दोन्ही वकिलाच्या हाती दिली आणि त्यांना प्रत्यक्ष चालीरीतींच्या माहितीची जोड दिली. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसांसाठी केलेले हे काम होते. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि ते केले नसते तरी त्याची सनद कायमच राहिली असती.

निवाड्यांच्या बाबतीतही हेच झाले. उच्च न्यायालयाचा निर्णय खालच्या सर्व न्यायालयांना बंधनकारक असतो; परंतु तो रत्नागिरीच्या किंवा धुळ्याच्या वकिलास कळणार केव्हा? १८७५ च्या कायद्याने सरकारी निवाडेसंग्रहाची व्यवस्था झाली आणि १८७६ पासून त्याची मुंबई मालिका निघू लागली. १८९९ साली रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर या दोन वकिलांनी ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ हे खाजगी नियतकालिक सुरू केले. दंडसंहितेवरील या जोडीचा ग्रंथ आजही वकिलांच्या टेबलावर दिसतो, आणि पुष्कळांना ‘रतनलाल-धीरजलाल’ हे एकाच माणसाचे नाव वाटते! दिनशा फरदुनजी मुल्ला यांचे दिवाणी व्यवहार संहितेवरील आणि हिंदू कायद्यावरील ग्रंथही याच वर्गातले. बांधीव निवाड्यांच्या कपाटाने जिल्ह्याच्या बाररूमला वाचनालयाचे रूप दिले. दुपारच्या सुटीत त्या कपाटापाशी जो वाद होई, तोच मोफसलच्या वकिलाचा अभ्यासवर्ग होता.

मुंबईबाहेर शिकविण्याची व्यवस्था करणाऱ्यांत लोकमान्य टिळकांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. स्वतः टिळक १८७९ साली एलएल. बी. झाले होते, परंतु त्यांनी वकिली केली नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडण्याच्या सुमारास, म्हणजे १८९० च्या आसपास, त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग काढला. हायकोर्ट प्लीडरच्या व डिस्ट्रिक्ट प्लीडरच्या परीक्षांसाठी विद्यार्थी तेथे तयार होत. चरितार्थाचे साधन म्हणून या वर्गाचा उल्लेख केला जातो, आणि तो तसा होताही. परंतु मुंबईस जाऊन राहण्याची ऐपत नसलेल्या मुलाला कायदा पुण्यात शिकता येऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे १९२३ साली पुण्यात इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिचे विधी महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे मंडलिकांच्याच परंपरेतले. धर्मशास्त्रावरील ग्रंथांची मालिकाच त्यांनी वकिलांपुढे ठेवली.

या परंपरेचे शिखर म्हणजे पांडुरंग वामन काणे. काणे उच्च न्यायालयात वकिली करीत. १९२६ साली त्यांनी ‘व्यवहारमयूखा’ची संशोधित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाला धर्मशास्त्राचा थोडा इतिहास जोडावा असा त्यांचा मूळ विचार होता. ती प्रस्तावना वाढत वाढत गेली आणि तिचा पाच खंडांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाला. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. १९६३ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. वकिलाचा अभ्यास कोठवर जाऊ शकतो याचे हे उदाहरण. ते प्रत्येकास साधणारे नाही, हे खरे. परंतु ज्या धंद्यात असे शिखर आहे, त्या धंद्याच्या पायथ्याची पातळीही काही एक असली पाहिजे, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

ही पायथ्याची पातळी कोणी पाहावी, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढेही होता. १९३५ ते १९३८ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी १९३६ साली महाविद्यालयाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. वकिलाचे शिक्षण हा सार्वजनिक महत्त्वाचा विषय आहे, तो केवळ परीक्षेपुरता नाही, ही जाणीव अशा लेखनामागे होती.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला. वकील, प्लीडर, मुखत्यार अशा पूर्वीच्या पायऱ्या जाऊन ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग राहिला. भारतीय विधिज्ञ परिषद आणि राज्यांच्या परिषदा स्थापन झाल्या. या कायद्याचा त्यानंतरचा इतिहास पाहिला असता एक चमत्कारिक गोष्ट दिसते. कायदेकर्त्यांचे, परिषदेचे आणि न्यायालयाचेही सारे लक्ष दरवाजावर खिळून राहिले आहे. आत कोणाला घ्यावे यावर साठ वर्षे वाद चालला. आत आलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे पाहण्याची तजवीज मात्र फारशी कोणी केली नाही.

मूळ कायद्यात सनदेपूर्वी उमेदवारीचे प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. १९९५ साली विधिज्ञ परिषदेने प्रशिक्षणाचे नियम पुन्हा केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते रद्द केले, कारण असे नियम करण्याचा अधिकार कायद्याने परिषदेस दिलेला नव्हता. २०११ पासून अखिल भारतीय वकील परीक्षा सुरू झाली. ती घेण्याचा परिषदेचा अधिकार फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने मान्य केला. हा सर्व वाद दरवाजाचा. दरवाजाच्या आत काय आहे? ज्या १९७३ च्या दुरुस्तीने उमेदवारी काढून टाकली, त्याच दुरुस्तीने परिषदांवर एक कर्तव्य सोपविले: कायद्याच्या विषयांवर परिसंवाद भरवावेत, नामवंत विधिज्ञांची भाषणे योजावीत, नियतकालिके प्रसिद्ध करावीत. भाषण योजण्याचे कर्तव्य परिषदेचे. ते ऐकावयास येण्याचे कर्तव्य मात्र कोणाचेच नव्हे.

मी सरकारी नोकर आहे. आमच्या नोकरीत ठराविक वर्षांनी माणसाला काम सोडून प्रशिक्षणास धाडतात, आणि आता तर कार्यालयात बसून पडद्यावरचे पाठही पुरे करावे लागतात. त्याविषयी आम्ही कुरकुरतो. पण तेथे जे ऐकतो त्यातले काही पुढे कामास येते, हेही कबूल करावे लागते. न्यायाधीशांसाठी भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, महाराष्ट्रात उत्तन येथे राज्याची न्यायिक अकादमी आहे. न्यायाधीश वारंवार शिकतो, खटल्याचा तपास करणारा पोलीस अधिकारी शिकतो. त्यांच्यामध्ये उभा राहून नागरिकाची बाजू मांडणारा वकील तेवढा आपल्या हिमतीवर सोडलेला आहे. कोचीस एम. के. नंबियार यांच्या नावाने निरंतर कायदेशिक्षणाची अकादमी आहे. इतरत्रही प्रयत्न होतात. परंतु ते प्रयत्नच आहेत, व्यवस्था नव्हे.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याला मी मराठवाड्यातील एक खटला सांगेन. २०१४ साली जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणूक अवघ्या २९६ मतांनी लागली. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा पराभूत पक्षाचा आक्षेप होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. चित्रीकरण न्यायालयापुढे मांडावयाचे तर तेव्हाच्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे एक प्रमाणपत्र लागत असे. अर्जदारांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने १४ जुलै २०२० रोजी त्याचा निर्णय लागला. प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे न्यायालयाने सांगितले. ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही, असेही सांगितले. आणि निवडणूक रद्दच राहिली.

आता या एका कलमाचा प्रवास पाहा. ज्या वकिलाने १९९९ साली सनद घेतली, त्याच्या अभ्यासक्रमात हे कलम नव्हतेच. ते ऑक्टोबर २००० मध्ये कायद्यात आले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, प्रमाणपत्रावाचूनही असा पुरावा अन्य मार्गाने देता येईल. २०१४ मध्ये ते मत फिरविण्यात आले. २०१८ मध्ये पुन्हा सवलत मिळाली. २०२० मध्ये जालन्याच्या खटल्यात ती सवलत गेली. १ जुलै २०२४ पासून तो पुराव्याचा कायदाच गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले. एका वकिलाच्या पंचवीस वर्षांच्या धंद्यात एकच नियम इतक्या वेळा बदलला. आज प्रत्येक घरात, प्रत्येक खिशात दूरध्वनी आहे. नवराबायकोच्या भांडणापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत पुरावा त्यातूनच येतो. मधला एखादा निर्णय ज्याच्या वाचण्यात आला नाही, त्याच्या अशिलाचा खरा पुरावाही बाहेर राहण्याचा धोका असतो. सत्य त्याच्या बाजूस असूनही तो हरू शकतो, आणि आपण का हरलो हे त्यास कधी कळतही नाही.

१ जुलै २०२४ हा दिवस म्हणूनच मला १ जानेवारी १८६२ च्या जोडीचा वाटतो. त्या दिवशी दंडसंहितेच्या ५११ कलमांची जागा न्याय संहितेच्या ३५८ कलमांनी घेतली. खुनाचे ३०२ चे १०३ झाले. ठकबाजीचे ४२०, जे मराठी भाषेत शिवीसारखे रुळले होते, ते ३१८ मध्ये गेले. केवळ आकडे पाठ करून हे काम भागत नाही. गुन्हा त्या तारखेपूर्वीचा असल्यास त्याला जुनी दंडसंहिता लागू, नंतरचा असल्यास नवी; म्हणजे पुढची कित्येक वर्षे वकिलाच्या पिशवीत दोन्ही पुस्तके राहणार. १८६२ च्या वकिलाला ग्रंथाची वाट पाहावी लागे, निवाडा टपालाने येई. २०२४ च्या वकिलाला मात्र त्याच संध्याकाळी पडद्यासमोर बसून नव्या कलमांवरचे व्याख्यान ऐकता आले.

हे साधन आपल्या हाती आले ते एका संकटातून. मार्च २०२० मध्ये महामारीने न्यायालये बंद पडली आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होऊ लागली. ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता, अशा ज्येष्ठ वकिलांना आपल्याच मुलांपाशी आणि उमेदवारांपाशी शिकावे लागले. गुरुशिष्यांची आसने काही दिवस उलटसुलट झाली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने कागदपत्रे संगणकावरून दाखल करण्याचे शिक्षण वकिलांना प्रादेशिक भाषांतूनही दिले. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढील युक्तिवाद कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे अधिकृत स्वरूपात विनामूल्य उपलब्ध झाले.

मयूर विहारातून सर्वोच्च न्यायालय यमुना ओलांडली की आलेच. जिल्ह्याचे कडकडडूमा न्यायालयही दूर नाही. येथील वकिलास ज्येष्ठांचा युक्तिवाद प्रत्यक्ष ऐकावयाचा तर थोड्याशा प्रवासाने भागते. गडचिरोलीच्या किंवा किनवटच्या वकिलास ही सोय कधीच नव्हती. कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ ऑगस्ट २०२५ मध्ये आले, त्यासाठी तेथील वकिलांनी दीर्घकाळ लढा दिला होता. न्यायालय जवळ आणण्यास इतका काळ लागतो. ज्ञान मात्र आता एका क्षणात दोन्ही ठिकाणी सारखेच पोहोचू शकते. मंडलिकांनी जे ग्रंथाने केले, निवाड्यांच्या मालिकांनी जे टपालाने केले, टिळकांच्या वर्गाने जे पुण्यापुरते केले, ते सर्व या पडद्याला एकदम करता येईल. अंतर हा मोफसलच्या वकिलाचा सर्वांत जुना शत्रू. तो प्रथमच हटला आहे.

म्हणून या नव्या साधनाचे दोष सांगताना मला त्याचा अधिक्षेप करावयाचा नाही. पण दोष आहेत. पहिला भाषेचा. जिल्हा व तालुका न्यायालयांतून मराठी चालते, साक्षी मराठीत होतात; कायद्यावरची उत्तम व्याख्याने मात्र बहुतेक इंग्रजीत असतात. सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे २०१९ पासून मराठीतही मिळू लागले आहेत. निवाडा मराठीत आणि त्यावरचे विवेचन इंग्रजीत, ही अर्धवट स्थिती फार काळ राहू नये. मंडलिकांनी संस्कृत ग्रंथ वकिलाला समजेल अशा भाषेत आणला होता. आजच्या मंडलिकांना इंग्रजीचे मराठी करावे लागेल.

दुसरा दोष प्रमाणपत्रांचा. अमेरिकेत वकिलांसाठी अभ्यासवर्ग चालविणारी संस्था न्यूयॉर्कमध्ये १९३३ साली निघाली, राष्ट्रीय प्रयत्न १९४७ पासून झाले, आणि १९७५ मध्ये मिनेसोटा राज्याने हे शिक्षण सक्तीचे केले. पुढे बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना वर्षाकाठी ठराविक तास भरावे लागत. २०१६ मध्ये ती तासांची मोजणी सोडण्यात आली आणि आपल्या कामास आवश्यक ते ज्ञान आपण कसे राखतो याची जबाबदारी प्रत्येकावर टाकण्यात आली. यातला बोध स्पष्ट आहे. तास मोजता येतात, शिक्षण मोजता येत नाही. पडदा चालू ठेवून माणूस चहा प्यावयास उठून गेला, तरी तास भरतो आणि प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडे उद्या सक्ती झाली, तर अशा प्रमाणपत्रांची दुकाने निघावयास वेळ लागणार नाही.

तिसरी गोष्ट पडद्याच्या शक्तीबाहेरचीच आहे. उलटतपासणीत कोणता प्रश्न विचारू नये, न्यायाधीशाचा कल ओळखून कोठे थांबावे, रडणाऱ्या अशिलाला खरी परिस्थिती कशी सांगावी, ही विद्या ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करूनच येते. परंतु या उमेदवारीत तरुणाच्या हाती बहुधा फार थोडे पैसे पडतात. ज्याच्या घरी दोन वर्षे थांबण्याची ऐपत नाही, तो तीतून लवकर सुटतो आणि जे शिकावयाचे ते अशिलाच्या खर्चाने शिकतो. पडद्यावरचा पाठ आणि ज्येष्ठाची खोली या दोहोंची सांगड घातल्याखेरीज हे शिक्षण पुरे होणार नाही. पाठ सर्वांना विनामूल्य मिळावा, तो मराठीत असावा, प्रत्येक तालुक्याच्या बाररूममध्ये तो एकत्र बसून ऐकण्याची सोय असावी, आणि ऐकून झाल्यावर पूर्वी जो वाद कपाटापाशी होत असे तो तेथे पुन्हा सुरू व्हावा. इतके झाले तर सक्तीची गरज कदाचित पडणारही नाही. आणि सक्ती झालीच, तर ती कोणाला जाचणार नाही.

वकिलाचा अभ्यास हा वकिलाचा खाजगी प्रश्न आहे, अशी आपली समजूत दीर्घकाळ राहिली. आजारी माणूस वैद्याच्या ज्ञानाची थोडीफार पारख करू शकतो, कारण औषधाचा गुण आला की नाही हे त्याला कळते. पक्षकारास तेवढीही पारख नसते. खेड्यातून आलेला शेतकरी कोर्टाच्या आवारातील झाडाखाली बसलेल्या वकिलाच्या हाती आपला सातबारा आणि आपला विश्वास दोन्ही देतो. त्या वकिलाने मागच्या वर्षीचा निवाडा वाचला आहे की नाही, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. त्याने न विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वतीने कोणीतरी तयार ठेवले पाहिजे.